घरची चूल : तपासणी, दुरुस्ती आणि बदल

नांगराचा फाळ बोथट झाला की शेतकरी त्याला वेळीच धार लावून घेतो. पेरणीपूर्वी अवजारे पाहिली जातात, बैलगाडीच्या आसाला वंगण दिले जाते, पंपाचा पट्टा सैल झाला तर तो बदलला जातो. परंतु ज्या साधनावाचून घरातील एकही दिवस जात नाही, त्या चुलीची तपासणी करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. चूल फुटेपर्यंत वापरावयाची आणि फुटली म्हणजे लिंपावयाची, एवढेच तिच्या वाट्यास येते. वास्तविक चूल हेही एक अवजार आहे. ते झिजते, त्यास तडे जातात, त्याचे आयुष्य संपते. नांगर बिघडला तर नांगरट बिघडेल. चूल बिघडली तर घरातील स्त्रिया व मुले यांच्या जिवावर बेतू शकते. यास्तव चुलीची तपासणी कशी करावी, ती कधी दुरुस्त करावी व कधी मोडून नवी घालावी, याचे ज्ञान प्रत्येक शेतकरी कुटुंबास व गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

घर बदलले, चूल तीच राहिली

नवी मुंबईच्या परिसरातील गावांचे उदाहरण या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली व ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आल्या. भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी नगरे उभी राहिली. परंतु घणसोली, करावे, दिवाळे, उलवे, गव्हाण यांसारख्या आगरी-कोळी वस्तीच्या गावांची गावठाणे जागच्या जागी राहिली. कुटुंबे वाढली, जागा वाढली नाही; त्यामुळे कौलारू घरांच्या ठिकाणी एकास एक लागून सिमेंटच्या इमारती झाल्या.

या बदलात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. जुन्या घराला धुराडे नसले तरी ते घर धूर बाहेर टाकीत असे. कौलांच्या फटी, भिंत व छप्पर यांमधील मोकळी जागा, कुडाची भिंत व उघडी पडवी यांमधून धूर हळूहळू निघून जाई. सिमेंटच्या छतास अशी एकही फट नसते. भिंती गिलाव्याने बंद, खिडक्यांना सरकत्या काचा, आणि शेजारच्या घराची भिंत हाताच्या अंतरावर. अशा खोलीत जुन्याच घडणीची चूल पेटविली तर धुरास वाट राहत नाही. तो छताला लागून साठतो आणि मग खाली उतरतो.

स्वयंपाकासाठी गॅस आलेल्या घरांतूनही चूल पूर्णपणे गेलेली नाही. तांदळाची भाकरी, मोठ्या पातेल्यातील कालवण, अंघोळीचे पाणी, लग्नकार्यातील व सणावारातील रांधप यांसाठी परसात, पडवीत किंवा न्हाणीत ती पेटतेच. पनवेल तालुक्यात कर्नाळ्याच्या डोंगरपायथ्याच्या ठाकूर व कातकरी वाड्यांतून तर चूल हे अनेक घरांचे रोजचे साधन आहे. म्हणून चुलीची तपासणी करावयाची म्हणजे केवळ मातीची तपासणी करावयाची, असे नव्हे. चूल आणि ती ज्या घरात आहे ते घर, या दोहोंची तपासणी एकत्रच झाली पाहिजे.

धुरापासून होणारी हानी

लाकूड किंवा गोवरी पूर्णपणे जळाली तर धूर जवळजवळ होत नाही. हवा अपुरी पडली, सरपण ओले असले किंवा चुलीचे तोंड चोंदले तर जळण अर्धवट होते व धूर निघतो. या धुरात डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात. त्यामुळे लहान मुलांना न्यूमोनिया, मोठ्यांना दमा व श्वासनलिकेचे जुनाट विकार, डोळ्यांना मोतीबिंदू आणि गरोदर स्त्रियांच्या बाळांचे वजन कमी भरणे, असे परिणाम संभवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील अशा दूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घडले. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

दुसरा धोका यापेक्षा अधिक कपटी आहे. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. प्राणवायू जेथे चिकटावयाचा, त्या रक्तातील द्रव्यास हा वायू त्याच्यापेक्षा दोनशेपटींहून अधिक बळाने चिकटतो आणि शरीर प्राणवायूवाचून गुदमरते. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून मनुष्य बाहेर तरी पडतो. परंतु कोळशाचे लालबुंद निखारे धूर न करता हा वायू सोडीत राहतात. निखाऱ्यांना धूर नाही म्हणून ते निर्धोक आहेत, ही समजूत अत्यंत घातक आहे.

पूर्वीच्या प्रयत्नांचा धडा

धुराविना चुलीचा विचार आपल्या देशात नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल पुढे आली. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल सिद्ध केली व १९५३ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला; तो २००२ पर्यंत चालला. या काळात देशभर चुली मोठ्या संख्येने बसविण्यात आल्या. परंतु कितीतरी ठिकाणी धुराड्यात काजळी साठली, नळीचे सांधे निखळले, मातीस तडे गेले व चुली टाकून देण्यात आल्या. चुलीची रचना चांगली होती. तिची देखभाल कोणी करावयाची, हे मात्र ठरलेले नव्हते. चूल बसविणे हे काम एका दिवसाचे असते, ती राखणे हे वर्षभराचे, हाच त्यातून घ्यावयाचा धडा होय.

तपासणी कशी करावी

तपासणी चूल थंड असताना व सारवण्यापूर्वी करावी. आपल्या भगिनी रोज सकाळी चुलीला पोतेरे देतात. ही सवय स्वच्छतेची आहे. परंतु ओल्या मातीच्या पातळ थराखाली तडा झाकला जातो आणि चूल धड आहे, असे वाटू लागते. म्हणून आठवड्यातून एकदा आधी पाहणी, मग पोतेरे, असा क्रम ठेवावा. पाहणी पुढीलप्रमाणे करावी.

१. तडे : रात्रीच्या वेळी चुलीच्या पोटात विजेरी धरावी व बाहेरून पाहावे. उजेड ज्या ठिकाणी दिसेल तेथे तडा आरपार गेला आहे, असे समजावे. वरवरची चीर लिंपून भागते. आरपार तडा लिंपून टिकत नाही.

२. भांड्याची बैठक : ज्या उंचवट्यांवर भांडे टेकते ते झिजले म्हणजे भांडे डुलते. उकळते पाणी किंवा आमटी अंगावर सांडून मुले भाजतात, त्याचे एक कारण हे असते. पाण्याने भरलेले पातेले ठेवून ते हलते काय, हे पाहावे.

३. चुलीचे तोंड : वापराने कडा ढासळून तोंड रुंद झाले म्हणजे ज्वाला बाहेर येते व लाकडे पुढे घसरतात. चूल घातली त्या वेळच्या मापाची काडी जपून ठेवावी व तिने तोंड मोजावे.

४. जाळी व राख : जाळी असल्यास ती वाकली किंवा राखेने चोंदली आहे काय, हे पाहावे. राख साठली तर हवा अडते व धूर वाढतो.

५. वैल : मुख्य चुलीतून वैलाकडे जाणारी वाट काजळीने अरुंद झालेली असते. ती काठीने मोकळी करावी.

६. धुराडे : चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर धुराडे चालू आहे. बाहेर आला तर ते चोंदले आहे. रोज वापर असल्यास महिन्यातून एकदा दोरीला नारळाच्या सोडणाचा घट्ट बोळा बांधून नळीतून वर-खाली ओढावा. साठलेली काजळी स्वतःच पेट घेऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

७. चुलीच्या वरचा व भोवतालचा भाग : चुलीच्या वर वाळत घातलेले कपडे, मासळी, सरपण, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांपैकी काही आहे काय? विजेची तार जवळून गेली आहे काय? पेट घेणारी प्रत्येक वस्तू चुलीपासून निदान तीन फूट दूर असावी.

८. हवेची वाट : खोलीस समोरासमोर दोन झरोके आहेत काय, आणि त्यांपैकी एक छताजवळ आहे काय? धूर वर चढतो. म्हणून वरचा झरोका नसेल तर खालची खिडकी उघडी असूनही खोली धुराने भरते.

ही पाहणी दर आठवड्यास घरातील मंडळींनी करावी. वैशाखात, पावसाळ्यापूर्वी, आणि पुन्हा भातकापणीनंतर ती अधिक बारकाईने करावी. पावसाळ्यात ओल धरून माती सुटते, सरपण भिजते व खिडक्या बंद राहतात; त्यामुळे वर्षातील सर्वांत वाईट धूर याच दिवसांत होतो.

शेगडी, बंब व बाळंतिणीचा शेक

कोळशाची शेगडी झोपण्याच्या खोलीत पेटती ठेवून दार लावून घेणे, हे प्राणघातक आहे. बाळंतिणीस व तान्ह्या बाळास शेक-शेगडी देण्याची रीत अनेक घरांत आहे. बाजेखाली निखारे ठेवून खोली बंद करण्यात भाजण्याचा व विषारी वायूचा, असा दुहेरी धोका आहे. बाळ स्वतः उठून बाहेर जाऊ शकत नाही आणि बाळंतीण अशक्त असते. मातेस ऊब हवी असल्यास गरम कपडे, रबरी पिशवीतील गरम पाणी व बंद न केलेली खोली यांनी ती मिळते. बाळास मातेच्या अंगाची ऊब सर्वांत उत्तम. धुरी बाळास कदापि देऊ नये. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांशी ही गोष्ट आदराने व कारण समजावून बोलावी. रीतीमागील हेतू मायेचाच असतो.

तांब्याचा बंब पेटवावयाचा तर तो उघड्या जागी पेटवावा व तापलेले पाणी बादलीने न्हाणीत न्यावे. बंब बंद न्हाणीत ठेवून अंघोळ करू नये. गॅसवर पाणी तापविणारी यंत्रे बंद न्हाणीघरात बसविली असता तोच विषारी वायू होऊ शकतो. ती बाहेर, उघड्या हवेत बसवावी.

चूल व गॅस एका खोलीत नकोत

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला व त्यानंतर अनेक ग्रामीण घरांत प्रथमच गॅस आला. गॅस आल्यावर चूल त्याच खोलीत ठेवली जाते, ही मोठी चूक आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो व खालच्या चुलीतील निखाऱ्यापर्यंत पोहोचतो. राखेखाली जपून ठेवलेला विस्तवही त्यास पुरेसा होतो. म्हणून चूल परसात किंवा उघड्या पडवीत न्यावी.

सिलिंडर नेहमी उभा ठेवावा व गॅसची शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी. रबरी नळी प्रमाणित असावी व ती पाच वर्षांनी, किंवा चीर दिसताच त्यापूर्वीही, बदलावी. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. ही चार अक्षरे जानेवारीपासूनच्या चार तिमाही दर्शवितात; त्या मुदतीनंतर सिलिंडरची फेरतपासणी व्हावयाची असते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण लावू नये व बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, चुलीतील विस्तव विझवावा, बाहेर यावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.

सरपण आणि राख

सरपण वाळलेले व फोडलेले असावे. ओल्या लाकडाची काही आच त्यातील पाणी उडविण्यातच जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील व तळोजा येथील कारखान्यांमुळे या भागात खोक्यांच्या फळ्या स्वस्त मिळतात. रंग, डांबर किंवा औषध लावलेल्या फळ्या चुलीत जाळू नयेत. प्लॅस्टिक, रबर व कीटकनाशकांची वेष्टने यांचाही धूर विषारी असतो. खाडीकाठची तिवरे सरपणासाठी तोडू नयेत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबविण्याविषयी स्पष्ट निर्णय दिलेला आहे, आणि तिवरांमुळेच बांधाचे लाटांपासून रक्षण होते. चूल पेटविण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल कधीही ओतू नये. नारळाची झावळी किंवा सुकी काडी पुरते.

लाकडाची राख पालाश व चुना देणारी असल्याने नारळाच्या आळ्यात व भाजीच्या वाफ्यात उपयोगी पडते. मात्र ती युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांत मिसळू नये. तसे केल्यास नत्र हवेत उडून जाते. ताजी राख उकिरड्यावर किंवा पेंढ्याच्या उडवीजवळ टाकू नये. राखेच्या पोटात विस्तव कित्येक तास जिवंत राहतो व वाऱ्याने फुलतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक दिवस ठेवून, पाणी शिंपडून, मगच शेतात न्यावी.

चूल केव्हा बदलावी व कशी घालावी

आरपार तडा, डुलणारी बैठक, ढासळलेले तोंड, यांपैकी दोन दोष आढळले तर लिंपण्यात वेळ न घालविता चूल मोडून नवी घालावी. सिमेंटच्या छताच्या, वरचा झरोका नसलेल्या खोलीतील चूल धड असली तरी ती त्या जागेवरून काढावी.

माती खाजणातील घेऊ नये; तिच्यातील क्षार ओल धरतात व पापुद्रे सुटतात. गोड्या जमिनीतील चिकणमाती किंवा वारुळाची माती घ्यावी. तीत वाळू, भाताचे तूस व शेण मिसळून चांगली मळावी. मिश्रणाचा लाडू करून सावलीत वाळवावा. तो तडकला तर वाळू वाढवावी. भुगा झाला तर माती वाढवावी. चूल सावलीत पंधरा दिवस वाळू द्यावी व पहिले काही दिवस मंद जाळ करावा. तात्पुरत्या तीन दगडांच्या चुलीसाठी ओढ्यातील ओले गोटे वापरू नयेत. तापल्यावर ते फुटून अंगावर उडतात. चुलीसाठी ओटा केला तर रांगत्या मुलापासून विस्तव दूर राहतो व गृहिणीस वाकावे लागत नाही.

धुराड्याची नळी सिमेंटच्या छतास भोक पाडून नेऊ नये. सळ्या तुटतात व पाणी झिरपते. ती भिंतीतून बाहेर काढून उभी वर न्यावी, छताच्या कठड्याच्या दोन फूट वर ठेवावी आणि पावसासाठी टोपी बसवावी. तिचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे असू नये. जुन्या चुलीची नळी ॲस्बेस्टॉसची असल्यास ती कापू किंवा फोडू नये. तिची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते.

ज्यांच्याकडे चार-पाच गुरे आहेत त्यांनी गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. २५ किलो ताज्या शेणापासून सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण लागते. त्यातून इंधन मिळते आणि उरलेली मळी उत्तम खत होते.

अपघात झाल्यास

कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे व इतरांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून ज्वाला विझवावी. भाजलेल्या भागावर निदान वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्या. चिकटलेले कापड ओढू नये. हळद, तेल, दंतमंजन, शाई किंवा बर्फ लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे. भाजलेल्यांवर विशेष उपचार करणारे नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोली येथे आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ व कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

एकाच घरातील अनेकांना एकाच वेळी डोके दुखणे, चक्कर व उलटी होऊ लागली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर विषारी वायूची शंका घ्यावी. सर्वांना उघड्या हवेत आणावे व बरे वाटले तरी डॉक्टरांकडे न्यावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी, आशा व अंगणवाडी सेविकांच्या साह्याने, प्रत्येक आळीतील एका घरी चुलीची पाहणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. विजेरी, मापाची काडी व उदबत्ती, एवढे साहित्य पुरे. ज्या घरात बाळंतीण, पाच वर्षांखालील मूल किंवा दम्याचा रुग्ण आहे, त्या घरापासून आरंभ करावा. पाहणीत पुरुषांनाही बोलवावे. कारण चूल बायकांची मानली जाते, परंतु झरोका पाडणे, नळी बसविणे व चुलीची जागा बदलणे यांचा खर्च व निर्णय बहुधा पुरुषांच्या हाती असतो.

झरोक्यास लागणारा खर्च दवाखान्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. येत्या वैशाखात अवजारांची डागडुजी काढाल, त्या वेळी चुलीचेही नाव त्या यादीत प्रथम लिहावे.